हरवलेले चार व्होल्ट

व्होल्टला अँपिअरनं भागलं की ओहम निघतात, गुणलं की वॅट. दहावीतलं पोरगंही हे धडाधड म्हणून दाखवतं. खुलताबादेत वायरमनचं काम करताना मी पाहिलंय, की भागाकार सहसा कुणाचा चुकत नाही. त्यात घातलेले आकडे चुकतात. व्होल्टेज कुठं मोजलं आणि तेव्हा लोड चालू होता का, हे आधी विचारावं लागतं.

श्रावणातल्या शनिवारसाठी संभाजीनगरहून माणसं रात्री चालत इथल्या भद्रा मारुतीला येतात. पाऊस, वर डोंगरावरचा गारठा. गरम पाण्याला गिऱ्हाईक तुटून पडतं. रस्त्याकडेच्या एका हॉटेलवाल्यानं मागच्या पत्र्याच्या शेडात ड्रम ठेवून 2000 वॅटचा रॉड लावला होता. मीटरपासून शेड 40 मीटर, दीडची (दीड चौरस मिलिमीटर) तांब्याची वायर, आणि मध्ये बांबूला बांधलेला एक जोड. पाणी लवकर तापत नाही म्हणून त्यानं मला बोलावलं.

“काका, अजून एक रॉड टाकून द्या. व्होल्टेज फुल आहे, मी स्वतः मोजलंय. एमसीबी पण पडत नाही.”

त्यानं मोजलेले 226 व्होल्ट खरेच होते. फक्त रॉड बंद होता. करंट वाहतच नसेल तर वायरीत व्होल्ट पडणार कुठून? जोड कितीही कुजका असो, बिनलोडचं मीटर त्याला पास करतं.

रॉड चालू करून मोजलं. मीटरपाशी 226, शेडात 214. टाँग टेस्टरवर करंट 8 अँपिअर. आता 214 भागिले 8, म्हणजे पावणेसत्तावीस ओहम. 2000 वॅटच्या रॉडचा रोध 230 व्होल्टला साडेसव्वीसच्या आसपास येतो, तेव्हा रॉड निर्दोष. पण 214 गुणिले 8 म्हणजे 1712 वॅट. पावणेतीनशेच्या वर वॅट कमी, म्हणून पाण्याला उशीर. कमी व्होल्टेजला रॉड जास्त करंट ओढतो असं पुष्कळजण छातीठोक सांगतात. ते लोड असलेल्या मोटारीचं खरं आहे, रॉडचं नाही. रॉडचा करंट व्होल्टेजबरोबर उतरतो.

वाटेत 12 व्होल्ट गेले होते. दीडच्या वायरीचा रोध 100 मीटरला साधारण सव्वा ओहम. जायची आणि यायची मिळून 80 मीटर, म्हणजे जेमतेम 1 ओहम. 8 अँपिअरला तिच्यात 8 व्होल्ट पडायला हवेत. (जायची-यायची दोन्ही लांबी धरायला भले भले विसरतात.) वरचे 4 व्होल्ट कुठं गेले?

मेन पाडून बांबूपाशी गेलो. काळ्या टेपचा डिंक वितळून खाली ओघळला होता, आतलं पीव्हीसी तपकिरी पडून कडक झालेलं, आणि बांबूवर बोटभर जळका डाग. 4 गुणिले 8, म्हणजे 32 वॅट. आकडा किरकोळ वाटतो. पण रेडिओ दुरुस्तीवाल्याची सोल्डरिंगची इस्त्री 25 वॅटची असते, आणि ती शिसं वितळवते. तेवढी उष्णता बोटाच्या पेराएवढ्या पिळात, टेपच्या आत, तासन्‌तास.

दुसरा रॉड लावला असता तर करंट साधारण 15.2 अँपिअर झाला असता. उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, त्यामुळे त्याच जोडात 115 वॅट. आणि 16 अँपिअरचा एमसीबी तेव्हाही पडला नसता, कारण त्याला फक्त करंट कळतो. सैल जोड करंट वाढवत नाही, उलट थोडा कमीच करतो. आरसीसीबीसुद्धा इथं गप्प बसतो. त्याला जमिनीत गळणारा करंट दिसतो, जोडातली उष्णता नाही. एमसीबी पडत नाही म्हणजे सगळं ठीक, या समजुतीइतकी घातक समजूत मी या धंद्यात दुसरी पाहिली नाही.

आम्ही मध्ये जोड नसलेली चारची वायर टाकली.

असं मोजणार असाल तर टाँग टेस्टरच्या जबड्यात एकच वायर घ्या. फेज आणि न्यूट्रल दोन्ही घेतल्या तर काटा शून्यावर, आणि तुम्हाला वाटणार लोडच नाही. साध्या मल्टिमीटरची लाल पिन अँपिअरच्या भोकात ठेवून त्याच टोकांनी व्होल्टेज बघायला जाऊ नका. तो थेट शॉर्ट असतो, हातातलं मीटर फुटतं. ओहमवर ठेवलेलं मीटर चालू लाईनला कधीच लावायचं नाही.

गार वस्तूचा रोध मोजून वॅट काढू नका, हेही सांगतो. 100 वॅटचा पिवळा बल्ब पेटलेला असताना 529 ओहमचा असतो, गार असताना मीटर 40 च्या आसपास दाखवतं. त्यावरून हिशेब केला तर बल्ब 1300 वॅटचा निघेल! विहिरीवरच्या मोटारीचं तर आणखी वेगळं. तिथं व्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे वाइंडिंगचा रोध नव्हे, आणि नुसता गुणाकार म्हणजे वॅट नव्हेत. पॉवर फॅक्टरनंही गुणावं लागतं.

चालू लाईनवर हात चालवायची सवय नसेल तर मोजायचं काम वायरमनला द्या, पण त्याला रॉड चालू ठेवून दोन्ही टोकांचं व्होल्टेज मोजायला लावा. श्रावणाआधी मांडव आणि शेडं उभी राहतात, तेव्हाच हे उरकून घ्या. वायर पुरत नसेल तर जोड मारू नका, नवं बंडल आणा.