आधी फ्रंट-एंड की थेट फुल-स्टॅक?

इनप्लांट ट्रेनिंगला आम्ही पुणे रस्त्यावरच्या चिंचोळी एमआयडीसीत होतो. टॉवेलच्या त्या कारखान्यात ऑर्डरी अजून वहीतच लिहीत. मॅनेजर साहेब म्हणाले, "तुम्ही कॉम्प्युटरवाले ना? एक फॉर्म करून द्या की!" झालं, ग्रुपमध्ये वाद सुरू. एक मित्र तर कर्ज काढून फुल-स्टॅकचा क्लास लावायला निघाला होता.

माझं मत, आधी फ्रंट-एंड. एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्टला नोटपॅड आणि ब्राउझर पुरतो. बदल केला की लगेच दिसतो. शिवाय १९९५ साली ब्राउझरसाठी जन्मलेली जावास्क्रिप्ट २००९ मध्ये आलेल्या नोड जेएसमुळे सर्व्हरवरही चालते. शिकलेलं वाया जात नाही.

पण नुसत्या रंग-सावल्यांत वर्ष घालवणारे वीरही आपल्यात आहेत! समजा, नगांच्या रकान्यात कोणी उणे ५०० टाकले. ब्राउझर अडवेल, पण ती तपासणी वापरणाऱ्याला बंद करता येते; फॉर्म टाळून थेट सर्व्हरकडेही माहिती पाठवता येते. म्हणून सर्व्हरवर पुन्हा तपासावंच लागतं. शेवटचे १०० टॉवेल दोघांनी एकाच वेळी मागितले, तर निकाल सर्व्हर आणि डेटाबेसकडेच लागतो. तेव्हा फॉर्म ब्राउझरमध्ये चालला, की तोच फॉर्म डेटाबेसपर्यंत न्या. रिअ‍ॅक्ट वगैरे नंतर.

मित्राने क्लास तूर्त थांबवलाय. आपला फॉर्म ऑर्डर साठवू लागला की मग बघू, म्हणतो.