औषधाची किंमत आणि जागतिक व्यापाराचे नियम



जागतिक व्यापार संघटनेचा धडा आला की आपण ‘स्थापना १ जानेवारी १९९५, मुख्यालय जिनिव्हा’ एवढं सांगून पुढे जातो. मुलांना वाटतं, हा विषय कापूस, पोलाद आणि आयात कराचा. पण औषधांच्या किमतीही याच करारांशी जोडलेल्या आहेत.

आधी पेटंट समजून घेऊ. भारताच्या १९७० च्या कायद्यात औषधाला पेटंट मिळत नव्हतं, ते बनवण्याच्या पद्धतीला मिळत होतं. वर्गात पुरणपोळीचं उदाहरण द्या. पुरणपोळीवरच कुणाला हक्क दिला, तर इतरांना ती करून विकताच येणार नाही. एका ठरावीक कृतीवर दिला, तर शेजारीण वेगळ्या रीतीने करून स्वस्तात विकू शकते. आपल्या औषध कंपन्या अशाच वाढल्या.

‘ट्रिप्स’ कराराने मात्र प्रत्यक्ष औषधावरही २० वर्षांचं पेटंट देणं आवश्यक केलं. भारताला त्यासाठी २००५ पर्यंत मुदत मिळाली.

याच मधल्या काळात आफ्रिकेत एड्सने थैमान घातलं होतं. तीन औषधांचा उपचार होता, पण खर्च एका रुग्णामागे वर्षाला १० ते १५ हजार डॉलर! फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेला तोच उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. तिकडे स्वस्त औषधं आयात करता यावीत म्हणून दक्षिण आफ्रिकेने १९९७ मध्ये केलेल्या कायद्याविरुद्ध ३९ औषध कंपन्या कोर्टात गेल्या होत्या. जगभरातून टीका झाल्यावर एप्रिल २००१ मध्ये त्यांनी खटला मागे घेतला.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दोहा इथे सदस्य देशांनी जाहीर केलं, की हा करार सार्वजनिक आरोग्याच्या रक्षणाआड येत नाही आणि येऊ नये. सक्तीचा परवाना कोणत्या कारणासाठी द्यायचा, हे प्रत्येक देश ठरवू शकतो. सक्तीचा परवाना म्हणजे पेटंटधारकाची संमती नसतानाही सरकारने दुसऱ्या उत्पादकाला औषध बनवू देणं. पेटंटधारकाला मोबदला मात्र द्यावा लागतो.

भारताने हा अधिकार मार्च २०१२ मध्ये वापरला, तोही मुंबईच्या पेटंट कार्यालयातून. बायर कंपनीच्या कर्करोगावरच्या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार रुपये होता. परवाना मिळालेल्या नॅटको कंपनीला कमाल किंमत ठरवून दिली गेली ८,८८० रुपये.

पण ज्या देशात औषधाचा कारखानाच नाही, त्याने परवाना कुणाला द्यायचा? अशा देशांसाठी २००३ मध्ये दुसऱ्या देशाकडून औषध बनवून घेण्याची सोय झाली. रवांडाने तिचा उपयोग करून कॅनडातून एड्सची औषधं मागवली. पहिला माल पोचेपर्यंत २००८ साल उजाडलं होतं. कागदपत्रंच इतकी, की ही वाट फारशी कुणी धरली नाही. गरज ज्याला सगळ्यात जास्त, त्यालाच सगळ्यात लांबचा फेरा! मला हा करारातला सर्वांत मोठा दोष वाटतो.

वर्गातली हुशार मुलं विचारतीलच, ‘सर, मग नव्या औषधाच्या संशोधनाचा खर्च कोण करणार?’ या प्रश्नाला घाईने उत्तर देऊ नका. वर्गाचे तीन गट करा: कंपनी, रुग्णाचे नातेवाईक आणि सरकार. २,८०,००० आणि ८,८८० हे दोन आकडे फळ्यावर लिहा आणि त्यांना भांडू द्या.