माघातला मासा

बेमिजी, मिनेसोटा

चि. सायली हिस,


फेब्रुवारीच्या शेवटी लॅबमधल्या दोघांबरोबर बर्बॉट गरवायला जायचा तुझा बेत कळला. तुझ्या बाबांनी तुला देवगडच्या जेटीवर गरवायला शिकवलं, तेव्हा तंगूस, गाठी, आमिष यातलं मी वेगळं काही शिकवायला नको. पण जेटी हलत नाही. इथे तू ज्यावर उभी राहणार आहेस ते दर आठवड्याला बदलतं, म्हणून माशाचं नंतर लिहिते, बर्फाचं आधी.

डुलुथला राहतेस, त्यामुळे दारातल्या सुपिरियरवरच बसावं असं कुणीतरी सुचवेल. तिथे जायचं नाही. तो तलाव इतका मोठा की जमिनीकडून वारा सुटला की काठाचा बर्फ तुटून माणसांसकट आत सरकतो. अनुभवी लोकांनाही तिथून सोडवून आणावं लागलेलं आहे. तुम्ही आत या, लीच लेकवर, वॉकर गावाकडे. तुमच्याकडून अडीच-तीन तासांचा रस्ता आहे. लीच लेक बराचसा उथळ, पण वॉकरसमोरचा भाग दीडशे फुटांच्या आसपास खोल जातो. खोल पाण्याच्या कडेला वर येणारे दगडगोट्यांचे उंचवटे तिथे आहेत आणि या माशाला तेच लागतं. तो तलाव ओजिब्वे लोकांच्या लीच लेक राखीव क्षेत्रात येतो हेही लक्षात असू दे. परवाना काढताना त्याची मुदत कुठल्या तारखेला संपते ते बघ आणि त्या वर्षीची नियमांची पुस्तिका वाच. आणखी उत्तरेला रेड लेक आहे, त्याचं जे पाणी तिथल्या जमातीच्या मालकीचं आहे तिथे जमातीच्या परवानगीशिवाय बाहेरच्यांनी गळ टाकायचा नसतो. दुकानदार काही म्हणाला तरी.

आता जाडी. चालत जायला नवा, स्वच्छ, काचेसारखा बर्फ निदान चार इंच हवा, असं राज्याचं नैसर्गिक संसाधन खातं सांगतं. बर्फ पांढरा, दुधाळ असेल तर त्याची ताकद निम्मी धर, म्हणजे जाडी दुप्पट हवी. फेब्रुवारीत साधारणपणे याहून खूपच जाड बर्फ असतो, पण ‘साधारणपणे’वर पाऊल टाकायचं नाही. ओढ्याच्या तोंडाशी, अरुंद खाडीत, झऱ्यावर, पुलाखाली पाणी वाहतं असतं, आणि शेजारी दोन फूट बर्फ असला तरी तिथे चार बोटं असू शकतो. हातात लांब पहार घे, पुढे ठोकत चाल. ठोक्याला पाणी वर आलं तर त्याच पावलांनी मागे फिर. दर पन्नासेक पावलांवर गिरमिटाने भोक पाडून मोज. गाडी काठावरच ठेवा. इतर लोक आपले ट्रक आत नेताना दिसतील, तरीही.

रात्री थंडी वाढली की तलाव गरजतो. लांबून सुरू झालेला आवाज पायाखालून सरकत पलीकडच्या काठाला जातो आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याचे हातपाय गळतात. बर्फ आकसताना, प्रसरताना तडकतो त्याचा तो आवाज असतो. तो ऐकून पळायचं नाही आणि तो नाही म्हणून निर्धास्तही व्हायचं नाही. जाडी मोजूनच कळते.

बर्फात पडलीस तर काय करायचं ते आत्ताच पाठ कर. विनिपेगच्या मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी थंड पाण्यावर आयुष्यभर काम केलं आहे. त्यांचं सूत्र एक, दहा, एक असं आहे. पहिलं एक मिनिट फक्त श्वास ताब्यात आणायचा, कारण गार पाण्याच्या धक्क्याने माणूस धापा टाकतो आणि त्यातच पाणी गिळतो. पुढची दहा मिनिटं हातपाय तुझं ऐकतील, तेवढ्यात बाहेर निघायचं. शुद्ध हरपायला साधारण तास लागतो. म्हणजे घाबरण्याइतका वेळ नसला तरी विचार करण्याइतका असतो. ज्या दिशेने आलीस तिकडेच तोंड कर, कारण तिथल्या बर्फाने तुला पेललेलं होतं. गळ्यातले टोचे बर्फात रोव, पाय मारत अंग आडवं कर आणि वर सरक. वर आल्यावर उभी राहू नकोस, लोळत लांब जा. हे टोचे दोरीने गळ्यात, कोटाच्या बाहेर असले पाहिजेत. पिशवीत ठेवलेल्या टोच्यांचा काही उपयोग नाही. तरंगणारा कोट मिळतो, तो घे. त्याचे पैसे मी देते, त्यावर वाद घालू नकोस.

तंबूत शेगडी लावाल तेव्हा वरची आणि खालची फट उघडी ठेवा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बरोबर न्या. त्या वायूला वास नसतो. सुती कपडा अंगाला लागता कामा नये, लोकर घाल. फोन आतल्या खिशात, अंगाशी ठेव, नाहीतर थंडीने बॅटरी बसते. दारू बर्फावर न्यायची नाही.

आता मासा. बर्बॉटलाच इथे ईलपाउट म्हणतात. तू लिहिलंस की इथल्या मुलांनी तुला सांगितलं, ‘ईलपाउट कुरूप असतो, लागला तर फेकून द्यायचा.’ हे मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता त्याचं दुःखच होतं. गोड्या पाण्यात राहणारा कॉडच्या कुळातला हा एकमेव मासा. उत्तर अमेरिका, युरोप आणि आशियाच्या थंड पट्ट्यात सगळीकडे आहे. तरी इथे पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी त्याला वॉलाय माशासाठी टाकलेल्या गळाला लागणारी पीडा मानलं आणि बर्फावर टाकून गोठू दिलं. याच राज्यात, कॅनडाच्या सीमेवरच्या बॉडेट गावात, रोवेल कुटुंबाने या माशाच्या यकृताचं तेल काढून 1930 च्या दशकात औषधांचा धंदा उभा केला, इतकं त्यात अ आणि ड जीवनसत्त्व असतं. त्याच माशाला लोक लाथेने बाजूला सारत.

तो कसा जगतो ते कळलं की त्याला कुठे गाठायचं ते आपोआप कळतं. पाणी चार अंशांना सगळ्यात जड असतं, म्हणून थंडीत तळाशी चार अंशांच्या आसपासचं पाणी राहतं आणि वर बर्फ. इतर बरेच मासे त्या गारठ्यात सुस्तावतात. बर्बॉट उन्हाळाभर खोल, गार पाण्यात दडून असतो आणि थंडीत जागा होतो. माघ-फाल्गुनात, बर्फाखाली, काळोखात त्याची वीण होते. त्यासाठी तो खोलातून वर, वाळू-गोट्यांच्या उथळ जागेवर येतो, आणि नर-मादी मिळून एकमेकांत गुंतलेला, वळवळणारा पुंजका होतो. मोठी मादी दहा लाखांहून जास्त अंडी घालते, घरटं नाही, राखण नाही. कॅनडातल्या संशोधकांनी बर्फाखाली ध्वनिग्राहक सोडून ऐकलं, तर विणीच्या दिवसांत हे मासे आवाज काढतात असं आढळलं. तो अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. आपण वर शेगडीपाशी कुडकुडत बसलेलो असतो तेव्हा खाली एवढं सगळं चाललेलं असतं.

तेव्हा दिवसा उजेडी जागा हेरून ठेवा. खोल पाण्यातून एखादा दगडी उंचवटा वर येतो तिथे, दहा ते पंचवीस फुटांत, ओळीने भोकं पाडा. आठ इंची गिरमिट चालेल, दहा इंची बरा. भोकातला चुरा झाऱ्याने काढत राहा, नाहीतर तंगूस गोठून अडकतं. सूर्य मावळला की खरं काम सुरू. हिवाळ्यात प्रत्येकी दोन गळ चालतात. एकाला मेलेला छोटा मासा लावून तो तळाशी नुसता सोडून द्यायचा, दुसरा हातात. हातातल्याला अंधारात चमकणारं जड आमिष बांध, अर्धा औंस किंवा थोडं जास्त, आणि त्याच्या आकड्याला माशाचं मुंडकं किंवा तुकडा लाव. विजेरीचा झोत मारून त्याला दर थोड्या वेळाने पुन्हा चमकवायचं. मग ते तळावर आपट. दोन-तीनदा आपट, चिखल उडू दे, वीतभर उचल आणि थांब. हा मासा वासावर आणि कंपनावर येतो, त्याला तळाशी काहीतरी धडपडतंय असं वाटलं पाहिजे. नवशिके आमिष पाण्याच्या मध्यात नाचवत बसतात आणि रात्र फुकट घालवतात. झटका मोठा नसतो. बहुतेकदा उचलताना काठी एकदम जड लागते, एवढंच. तेव्हा मनगट वर घे. तासभर काहीच नाही लागलं तर पुढच्या भोकावर जा, पण रात्री आठच्या आत कंटाळून घरी निघू नका.

भोकातून आधी डोकं येईल, रुंद, चपटं, हनुवटीखाली एकच मिशी. अंगावर पिवळ्या-तपकिरी रंगांची अशी नक्षी की विजेरीच्या उजेडात ती ओल्या दगडावरच्या शेवाळासारखी दिसते. त्याला धरलंस की त्याची लांब शेपूट तुझ्या मनगटाला विळखा घालेल. किंचाळू नकोस, चावायला नाही, आधार शोधायला घालतो. हा गळ खोल गिळतो, म्हणून चिमटा जवळ ठेव, आणि सोडून दिलेल्या गळाला वर्तुळाकार आकडा लाव, तो ओठातच अडकतो. ठेवायचा असेल तर डोक्यावर एक घाव घालून लगेच मार, कल्ले कापून रक्त जाऊ दे. बर्फावर तडफडत गोठू द्यायचा नाही. सोडायचा असेल तर भोकातच, पाण्याशी ठेवून सोड, उणे वीस अंशांत त्याचे डोळे आणि कल्ले पाहता पाहता गोठतात. तीस-चाळीस फुटांवरून ओढून आणलेला मासा फुगतो आणि सोडला तरी जगेल याची खात्री नसते, म्हणून तितक्या खोलात मुळात सोडण्यासाठी गरवूच नये.

आणि आता जे सांगायला खरं तर हे पत्र लिहिलं ते. बहुतेक तलावांवर वॉलाय आणि नॉर्दर्न पाइक या माशांचा हंगाम फेब्रुवारीच्या शेवटी बंद होतो, मग सगळी गर्दी बर्बॉटकडे वळते. नेमकी त्याच्या विणीच्या वेळी. आपल्याकडे पहिल्या पावसात चढणीचे मासे धरतात, रायगडात त्याला वलगण म्हणतात, तू पाहिलं आहेस. पोटात गाबोळी भरलेला मासा ओहोळातून शेतात चढतो आणि लोक पाती, पाटी, हाताला येईल ते घेऊन धावतात. पण दर्यावर त्याच दिवसांत होड्या शाकारलेल्या असतात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत कोळी वाट बघतात. तुझे आजोबा चढणीच्या माशांपैकी दोन वेळच्या कालवणापुरते घेत आणि टोपली उलटी करून ठेवत. तू इथे तेच करावंस असं मला वाटतं. विणीच्या पुंजक्यावर तुझं भोक पडलं तर एकामागून एक मासा लागेल आणि थांबावंसं वाटणार नाही. कायदा किती घेऊ देतो तो आकडा वेगळा. तुम्ही तिघं आहात, तिघांना जेवायला पुरतील तेवढे घ्या, गळ वर ओढा आणि दुसऱ्या रात्री त्याच जागेवर जाऊ नका.

लाखो अंडी घालणारा मासा संपत नाही, असं तुझे मित्र म्हणतील. पण इंग्लंडमध्ये तो 1969 नंतर कुणाला मिळालेला नाही. आयडाहोतल्या कूटनी नदीवर वरच्या अंगाला लिबी धरण झालं, हिवाळ्यात पाणी पूर्वीपेक्षा उबदार राहू लागलं, आणि बर्बॉट इतके घटले की 1992 मध्ये त्यांची मासेमारीच बंद करावी लागली. तिथल्या कूटनी जमातीने पिल्लं वाढवणारं केंद्र बांधून, वर्षानुवर्षं ती नदीत सोडून मासा परत आणला, तेव्हा कुठे 2019 मध्ये पुन्हा गळ पडला. आपल्या मिल लॅक्स तलावातही पाणी तापत चाललं आहे, आणि तिथे बर्बॉट पूर्वीसारखे मिळत नाहीत. गार पाण्यावर जगणाऱ्याला पाणीच तापलं की पळायला जागा नसते. निदान आपल्या हातून त्यात भर नको.

घरी आणल्यावर: कातडी शिंगाळ्यासारखी गुळगुळीत, खवले इतके बारीक की ते काढायच्या भानगडीत पडू नकोस. मानेभोवती चीर देऊन पक्कडीने कातडी शेपटीकडे ओढ, मोज्यासारखी निघते. कण्याच्या दोन्ही बाजूंचे लांब तुकडे काढ, त्यात बारीक काटे नसतात. इथले लोक ते उकळून वितळलेल्या लोण्यात बुडवून खातात, चांगले लागतात. पण मी हळद, तिखट, आगळ लावून अर्धा तास ठेवते आणि रव्यात घोळून तळते. मांस घट्ट असल्याने तिरफळ घातलेल्या आमटीतही फुटत नाही. आगळ संपलं असेल तर कळव, माझ्याकडे आईने पाठवलेली बाटली आहे.

उरलेले आमिषाचे मासे तलावात सोडायचे नाहीत, ते बेकायदा आहे. बर्फावर कागद, दोरा, काही ठेवायचं नाही.

जायच्या आदल्या दिवशी वॉकरमधल्या आमिषाच्या दुकानात फोन करून बर्फ किती आहे ते विचार, आणि कुठल्या काठावरून उतरणार, किती वाजता परत येणार ते मला लिहून पाठव. मी वॉकरपासून पाऊण तासावर आहे. दहा वाजेपर्यंत तुझा फोन आला नाही तर मी निघेन.

तुझी,
सुमाआत्या