दोर घासतो तिथे बघ

बाळा, ज्यांनी तुला काम शिकवलं ते आता अंथरुणाला खिळलेत, असं तुझी आई म्हणाली. तांडेल असोत, मास्तर असोत, गवंडी असोत की कचेरीतले साहेब, शिकवणारं माणूस शेवटाकडे निघालं की शिकणाऱ्याची धांदल उडते. भेटायला जाऊन बोलायचं काय, मागायचं काय, हे कुणी सांगत नाही. होडी चालवायला शिकवणाऱ्या आमच्या तांडेलांनी जाता जाता मला जे दिलं आणि पुढे अनेकांच्या उशाशी बसून जे उमगलं, ते तुझ्यासाठी एकेक करून लिहितो. मोठा उपदेश मिळेल म्हणून जाऊ नकोस. जाणाऱ्याची खरी शिदोरी त्याच्या बारीकसारीक सवयींत असते आणि ती मागितल्याशिवाय मिळत नाही.

निघण्याआधी

१. आजच जा, रविवारची वाट बघू नकोस — दुखणं आपली सुट्टी बघून थांबत नाही.

२. उरणच्या मोऱ्याहून लाँचने जाणार असशील तर आधी पाणी बघ — धक्क्याशी गाळ साचतो, ऐन ओहोटीला लाँच लागत नाही, आणि धोक्याचा बावटा लागला की मुंबईच्या भाऊच्या धक्क्याची फेरीच बंद. पण जानेवारी २०२४ पासून अटल सेतू सुरू झालाय, उरणला लोकलही आलीय. तेव्हा ‘पोचताच आलं नाही’ ही सबब आता माझ्याकडे चालायची नाही, सांगून ठेवतो.

३. आधी त्या घरात जी सेवा करते तिला फोन कर — झोपेची, औषधाची, अंग पुसायची वेळ तिलाच ठाऊक असते.

४. फळांची करंडी नेऊ नकोस, काय हवंय ते विचारून ने. जुनी मऊ सुती चादर बऱ्याचदा जास्त कामाची ठरते — शेवटच्या दिवसांत फळं पाहुणेच खातात.

५. खिशात छोटी वही आणि चालणारं पेन ठेव — ‘लक्षात राहील’ असं म्हणणाऱ्याचं पायरी उतरेपर्यंत निम्मं सांडलेलं असतं.

उशाशी

६. खुर्ची ओढून त्यांच्या नजरेच्या पातळीला बस — उभा माणूस निघायच्या घाईत दिसतो, मग आजारी माणूस मनातलं बोलत नाही.

७. ‘ओळखलंत का मला?’ अशी परीक्षा घेऊ नकोस, आपलं नाव आपणच सांग — ओळख पटली नाही तर त्यांना ओशाळं वाटतं आणि तुला वाईट.

८. ‘काही होत नाही, ठणठणीत व्हाल’ असं म्हणू नकोस — त्यांना खरं कळलेलं असतं. तुझ्या धीराने त्यांचं तोंड मात्र बंद होतं.

९. डोळे मिटलेले असले तरी त्यांच्यादेखत खर्च, वाटण्या, अंत्यविधी यातलं काही बोलू नकोस — ऐकू येणं बऱ्याचदा अगदी शेवटपर्यंत टिकतं.

१०. नको म्हणाले तर घास कोंबू नकोस, ओल्या कापसाने ओठ ओले करत राहा — शरीर आवरायला लागलं की भूक जाते, आणि जबरीचा घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. आपल्याच जिल्ह्यातल्या गागोद्याचे विनोबा नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला अन्न-पाणी-औषध थांबवून गेले; तेवढा निर्धार प्रत्येकाचा नसतो, पण ‘नको’ म्हणायचा मान प्रत्येकाचा आहे.

११. साधारण दर दोन तासांनी कूस बदलायला घरच्यांना हात दे — एकाच अंगावर पडून पाठीला जखमा होतात आणि मूळ दुखण्यापेक्षा त्याच जास्त छळतात.

१२. ‘सहन करा’ हा सल्ला देऊ नकोस, वेदना कमी करणाऱ्या डॉक्टरांची चौकशी कर — हे स्वतंत्र शास्त्र आहे. वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासून हेच काम करतंय आणि परळच्या टाटा रुग्णालयात त्याचा वेगळा विभाग आहे.

१३. तासभर तू बस आणि घरच्यांना झोपायला पाठव — सेवा करणारं माणूस कोसळलं की एका घरात दोन खाटा पडतात.

शिकून घेताना

१४. ‘आयुष्याचं सार सांगा’ असं विचारू नकोस, ‘हे तुम्ही कसं करायचात?’ असं विचार — सार विचारलं की माणूस प्रवचन देतो, काम विचारलं की त्याचे हात हलायला लागतात. हातची विद्या हातातच घ्यावी.

१५. आमच्या तांडेलांचा आवाज खोल गेला होता, पण भरतीचा हिशेब विचारल्यावर अंगठा बोटांच्या पेरांवर फिरू लागला: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ वाजता पाणी भरतं आणि पुढे साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी होते. मग बोट वर करून म्हणाले, “हिशेब कर, पण शेवटी पाण्याकडे बघ” — आकडा वेळ सांगतो, वाऱ्याचं काही सांगत नाही.

१६. होडी सोडण्याआधी दोर हातातून फिरवायचा आणि काठावर घासतो ती जागा बोटांनी चाचपायची, ही त्यांची रोजची सवय होती — दोर ओढीने नाही, घासून तुटतो. माणसांचंही तेच आहे. मोठ्या भांडणाची भीती बाळगू नकोस, रोज जिथे घासतं तिथे हात फिरव.

१७. जाळं किती भरलं ते नंतर, परतीचं डिझेल आधी मोजायचं, हा त्यांचा दुसरा नेम — जाण्याचा हुरूप सगळ्यांना असतो, येण्याची सोय एखाद्यालाच सुचते. कर्ज काढताना, नोकरी सोडताना, घर बांधायला घेताना हेच आठव.

१८. सुरी नेहमी एकाच ठिकाणी ठेवायची, अंधारात हात घातला तरी सापडली पाहिजे — दोर पायात अडकला की शोधायला वेळ नसतो. तुझ्या घरात औषधं, चाव्या आणि विम्याचे कागद या सुरीच्या जातीचे आहेत.

१९. ‘तुम्ही कुठे फसलात?’ हे आदराने आणि एकांतात विचार — यशाच्या गोष्टी गावाला पाठ असतात, ठेच कुठे लागली ते फक्त त्यांच्या पायाला ठाऊक असतं.

२०. सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरून घे — बोललेलं वाऱ्यावर, लिहिलेलं वहीवर. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा बोलत होते आणि साने गुरुजी लिहून घेत होते, म्हणून ‘गीता प्रवचने’ आपल्या हाती आली. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं; मुलाने आणि नात्यातल्या माणसाने ओव्या उतरवून ठेवल्या, म्हणून १९५१ साली त्या गेल्यावर पुढच्याच वर्षी पुस्तक निघू शकलं.

२१. घरचे कागद त्यांना दाखवून कोणता कशाचा ते पाठीमागे पेन्सिलीने लिहून घे — सातबारा तलाठ्याकडे मिळेल, पण बांध कुणाशी कसा ठरला होता ते फक्त त्यांच्या डोक्यात असतं. जमिनीच्या हक्कासाठी लढायला जासईचे शेतकरी नेते दि. बा. पाटील यांनी साऱ्या उरण-पनवेलला शिकवलं. जमीन संपादनाविरुद्धच्या जानेवारी १९८४ च्या आंदोलनात गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले, त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क उभा राहिला, आणि तो हक्क मागायलाही कागदच लागतो.

२२. शुद्ध असेतो त्यांना विचार, यंत्रांवर ठेवायचं की नाही, आणि त्यांची इच्छा असेल तर तसं लिहून ठेवायला घरच्यांना मदत कर — सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये ‘लिव्हिंग विल’ मान्य केलं. जानेवारी २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर ते होतं. नाहीतर अतिदक्षता विभागाच्या दारात भावंडं एकमेकांची तोंडं बघत बसतात.

२३. ‘तुमचे फार उपकार’ असं मोघम म्हणू नकोस, एक प्रसंग नाव घेऊन सांग: ‘त्या दिवशी तुम्ही मला सुकाणू दिलंत, म्हणून मी आज उभा आहे’ — आपण पेरलेलं कुठे उगवलं ते जाणाऱ्याला बघायचं असतं.

मागे राहिल्यावर

२४. तेराव्याला जाच, पण महिन्याने पुन्हा जा — गर्दी तेराव्यापर्यंत असते, घर रिकामं त्यानंतर वाटतं.

२५. त्यांचं हत्यार, वही, पुस्तक मागून घेऊ नकोस. घरच्यांनी दिलं तर मात्र वापर, फळीवर ठेवू नकोस — कामाच्या वस्तूला काम हाच मान.

२६. एक शब्द दिला असेल तर तो पाळ, बघायला कुणी नसलं तरी. आपल्या समोरच्या मुंबईत, अपोलो बंदरावर ९ जानेवारी १९१५ ला गांधीजी उतरले. वर्षभर देश फिरून बघायचा, तोवर सार्वजनिक प्रश्नांवर मत द्यायचं नाही, असा शब्द गुरू मानलेल्या गोखल्यांनी त्यांच्याकडून घेतला होता. १९ फेब्रुवारीला गोखले गेले, तरी गांधीजींनी तो पाळला — गुरू गेल्यावर पाळलेला शब्द हीच खरी गुरुदक्षिणा. पुढे त्यांना देश कळला तो त्या ऐकण्यामुळे.

२७. शिकलेलं एक तरी काम वर्षाच्या आत दुसऱ्याला शिकव आणि शिकवताना त्यांचं नाव घे — आपल्याच हातात ठेवलेली विद्या आपल्याबरोबरच संपते.

२८. गुरूचं सगळंच उचलू नकोस. त्यांचा राग, त्यांची तंबाखू, त्यांची जुनी वैरं तिथेच सोड — वारसा निवडून घ्यायचा असतो, चांगला गुरू यावर रागवत नाही.

एवढं सगळं एका भेटीत होणार नाही, घाबरू नकोस. पहिल्या भेटीत फक्त बस, दुसऱ्या भेटीत एकच प्रश्न विचार, तिसऱ्या भेटीला ते स्वतःच सांगायला लागतील. चौथी भेट मिळेलच असं मात्र कुणाला सांगता येत नाही, म्हणून पहिली लांबवू नकोस. आता हा कागद घडी करून खिशात टाक, त्यांच्या घरी फोन लाव आणि विचार, “उद्या सकाळी किती वाजता येऊ?”