गुंगीच्या औषधाची पारख

दाढ काढणे, गळू फोडणे, नख उपटणे अशा किरकोळ शस्त्रक्रियेसाठी रुग्ण सकाळी दवाखान्यात येतो व सायंकाळपूर्वी घरी परततो. त्याची भीती व वेदना शमविण्यास जे औषध द्यावयाचे, त्याची पारख मोठ्या शस्त्रक्रियेच्या औषधाहूनही कसोशीने व्हावी, असे आमचे मत आहे. रोग जिवावरचा नसता औषधच जिवावर बेतावे, हे कोणत्या आईबापांस सोसवेल?

इ. स. १८४७ च्या नोव्हेंबरच्या ४ तारखेस एडिंबरो येथे डॉ. जेम्स यंग सिंप्सन व त्यांचे दोन सहकारी यांनी भोजनाच्या मेजाभोवती बसून क्लोरोफॉर्म हुंगला. प्रथम हास्यविनोद झाला आणि मग तिघेही बेशुद्ध! सहा दिवसांनी सिंप्सन यांनी हा शोध वैद्यमंडळापुढे मांडला. त्यांच्या धैर्याविषयी आम्हांस आदर आहे. तथापि तीन धडधाकट पुरुष पुन्हा जागे झाले, एवढ्याने औषध निर्धोक ठरत नाही.

१८४८ च्या जानेवारीच्या २८ तारखेस न्यूकॅसलजवळील विनलेटन गावी हॅना ग्रीनर ह्या मुलीच्या पायाचे नख काढावयाचे होते. वय अवघे १५. म्हणजे आपल्या वरच्या वर्गांतील मुलींएवढीच. पूर्वी एकदा ईथर देऊन तिचे दुसरे नख सुखरूप निघाले होते. ह्या खेपेस तीस खुर्चीत बसवून कापडावर क्लोरोफॉर्म हुंगविला. छेद घेताच तिने एक झटका दिला, चेहरा पांढराफटक पडला, आणि काही मिनिटांतच सर्व आटोपले.

मृत्यू श्वास थांबल्याने आला की हृदय थांबल्याने? हा वाद पुढे अनेक वर्षे चालला. त्याचा निकाल लावण्यास हैदराबादेत रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने, निजामाच्या आश्रयाने, १८८८ व १८८९ साली दोन आयोग बसले. दुसऱ्यासाठी लंडनहून डॉ. लॉडर ब्रंटन आले. कुत्र्यांवर पुष्कळ प्रयोग होऊन असे ठरले की, श्वास आधी बंद पडतो, हृदय मागाहून. सबब श्वास सांभाळावा. परंतु १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर प्रयोग करून दाखविले की, भूल हलकी असतानाही हृदय एकाएकी फडफडून थांबू शकते. भीतीने रक्तात उतरणारा ॲड्रेनॅलिन हा रस त्यास कारण होतो. जास्त मात्रेच्या प्रयोगांतून हलक्या मात्रेचा धोका कसा उमगावा? आणि घाबरलेला रुग्ण व हलकी भूल, हीच तर किरकोळ शस्त्रक्रियेची नित्याची स्थिती!

क्लोरोफॉर्म आता भुलीसाठी मागे पडला. आज अशा प्रसंगी मिडाझोलामसारखी औषधे शिरेतून देतात. नव्या औषधाची परीक्षा घेताना रुग्णाची संमती घेऊन, कोणास कोणते औषध द्यावयाचे ते सोडतीने ठरवितात. ते रुग्णासही ठाऊक नसते व नोंद करणारासही नसते. कारण अपेक्षा मनात असली की डोळेही तसेच पाहतात. मन शांत झाले का, एवढेच पाहून भागत नाही. मिनिटास श्वास किती, बोटास लावलेल्या चिमट्यावर रक्तातील प्राणवायूचे प्रमाण किती, रुग्ण न डळमळता केव्हा चालू लागला, हेही टिपतात. शुद्धीवर आलेला मनुष्य ठीक बोलतो, पण थोड्या वेळापूर्वीचे त्यास आठवत नाही. म्हणून घरी नेण्याच्या सूचना सोबतच्या मोठ्या माणसास लेखी द्याव्या लागतात.

एक गोष्ट गणिताच्या विद्यार्थ्यांसाठी. ३०० रुग्णांस औषध दिले व एकासही अपाय झाला नाही, तर ते निर्धोक म्हणावे काय? समजा, खरा अपाय शंभरात एकास होतो. तरीही ३०० जण ओळीने सुखरूप सुटण्याचा संभव ०·९९ चा ३०० वा घात, म्हणजे सुमारे ०·०५ उरतो. हजारांत एकास होणारा अपाय तर अशा परीक्षेत बहुधा दिसणारच नाही. याकरिता औषध विक्रीस आल्यावरही प्रत्येक अपायाची नोंद डॉक्टरांनी कळवावयाची असते, आणि घरी परतल्यावर मुलास काही विपरीत झाल्यास ते डॉक्टरांस कळविणे पालकांकडे येते.