आलेख उतरला म्हणून हुरळू नकोस

अगं, लेझरच्या टेबलाशी जाताना बांगड्या, अंगठी, घड्याळ काढून ठेव. ८०० नॅनोमीटरचा प्रकाश जेमतेम लालसर दिसतो, पण धातूवरून उसळून डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. पडलेला स्क्रू उचलायचा असला तरी आधी शटर बंद कर. यात हयगय नको.

मग शून्य क्षण शोधायचा, म्हणजे पंप (सॅम्पलला धक्का देणारा झोत) आणि प्रोब (परिणाम मोजणारा झोत) सॅम्पलवर एकदमच पोचतात तो. फोटोडायोड आणि ऑसिलोस्कोपने जवळपास ये, पुढचं काम डिले स्टेजचं, म्हणजे एका झोताची वाट लांब-आखूड करणाऱ्या सरकत्या आरशांचं. स्टेज एक मायक्रॉन सरकली की प्रकाशाची वाट जाऊन-येऊन दोन मायक्रॉनने बदलते, म्हणजे सुमारे ६.७ फेम्टोसेकंद. आणि खोली एका अंशाने तापली तर पोलादी टेबल मीटरमागे दहाएक मायक्रॉन वाढतं! म्हणून शून्य क्षण दर काही तासांनी पुन्हा तपासायचा.

आता खरी गोष्ट. १९९६ साली स्ट्रासबर्गला बोरपेर, बिगो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निकेलचं चुंबकत्व लेझरच्या झोताने पिकोसेकंदाच्या आत घसरतं हे दाखवलं. पण २००० साली कूपमन्स आणि सहकाऱ्यांनी विचारलं, की हे चुंबकत्व आहे की नुसता प्रकाशाचा खेळ? केर परिणामातलं, म्हणजे चुंबकावरून परतणाऱ्या प्रकाशाच्या ध्रुवणातलं, वळण आणि लंबवर्तुळपणा, दोन्ही सुरुवातीच्या काही शे फेम्टोसेकंदांत एकमेकांशी जुळत नव्हते. तू दोन्ही मोज. प्रत्येक डिलेला चुंबकक्षेत्र उलटसुलट करून दोन्ही नोंदी कच्च्याच ठेव. फक्त वजाबाकी साठवलीस तर चूक कुठे झाली याचा माग लागणार नाही.

तरी संशय उरतोच, आणि तिथे क्ष-किरण कामाला येतात. त्यांत प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ऊर्जेला वेगळं दिसतं: लोखंड ७०७ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास बोलतं, गॅडोलिनियम ११९० च्या. बर्लिनच्या बेसी-२ सिंक्रोट्रॉनवर गॅडोलिनियम-लोह-कोबाल्टच्या मिश्रधातूत लोखंडाचं चुंबकत्व आधी उलटतं, आणि एरवी विरुद्ध दिशेला असणारे दोघे क्षणभर एकाच दिशेला येतात, हे २०११ साली असंच कळलं. मला ते अजूनही विलक्षण वाटतं.

पंपचा ठिपका प्रोबच्या ठिपक्यापेक्षा बराच मोठा हवा. तो झोतात पातं हळूहळू सरकवून स्वतः मोज. बीमटाइमला, म्हणजे सिंक्रोट्रॉनवर मिळालेल्या वेळेला, जादा सॅम्पल ने, आणि प्रत्येकाचा हिस्टेरिसिस आलेख (क्षेत्राबरोबर चुंबकत्व कसं बदलतं तो) आधी आणि नंतर घे. आकार बदलला तर सॅम्पल भाजलंय, त्यावरचे आकडे बाजूला ठेव. स्लाइसिंगमध्ये (लेझरने इलेक्ट्रॉनांच्या गठ्ठ्याचा पातळ काप घेऊन क्ष-किरणांचा आखूड झोत बनवतात त्यात) फोटॉन फार थोडे मिळतात, एकेका आलेखाला तासन्‌तास जातात. पुढच्या पाळीवाल्याला तोंडी सांगून निघू नकोस. स्टेजचा आकडा, पंपची ऊर्जा आणि कुठलं सॅम्पल अजून धड आहे ते वहीत लिही, मगच झोपायला जा.