शेतीचे उत्पन्न, जोडधंदा आणि आयकर

"आपण शेतकरी, आपल्याला कुठला आला आयकर?" असे आपण सहज म्हणून जातो. शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त आहे हे खरेच. परंतु ही माफी शेतीच्या उत्पन्नाला आहे, सातबाऱ्यावर नाव असलेल्या माणसाच्या सगळ्या कमाईला नाही. आज पुष्कळ घरांत शेतीबरोबर दूध, दुकान किंवा नोकरीही असते. तेथेच घोटाळा होतो.

जमिनीची मशागत करून घेतलेले पीक, जमिनीचा खंड, तसेच माल विक्रीयोग्य करण्यासाठी शेतकरी नेहमी करतो ती प्रक्रिया, यांचे उत्पन्न शेतीचे होय. रोपवाटिकेतील कलमे-रोपे पिशवीत वाढवलेली असली तरी ती यातच येतात. दुग्धव्यवसाय, कुक्कुटपालन, मत्स्यपालन, मधमाशापालन आणि भाड्याने दिलेला ट्रॅक्टर मात्र यात बसत नाहीत. दुसऱ्याची उभी बाग विकत घेऊन माल विकणाऱ्याचा नफाही व्यापाराचाच.

शेतीचे उत्पन्न करमुक्त असले तरी इतर उत्पन्नावरील कराचा दर ते वाढवू शकते. ही पद्धत 1973 पासून आहे. शेतीचे निव्वळ उत्पन्न 5,000 रुपयांहून अधिक आणि इतर उत्पन्न करमुक्त मर्यादेहून अधिक असेल तेव्हाच ती लागते. नव्या करप्रणालीत 2025-26 या आर्थिक वर्षासाठी ही मर्यादा 4 लाख रुपये आहे.

समजा, एका बागायतदाराला कृषी सेवा केंद्रातून 14 लाख आणि द्राक्षातून खर्च वजा जाता 5 लाख मिळाले. दोन्ही मिळून 19 लाखांवर कर येतो 1,80,000 रुपये. मग शेतीचे 5 लाख अधिक 4 लाख, म्हणजे 9 लाखांवरचा कर काढावयाचा, तो 30,000. वजाबाकी 1,50,000 रुपये, हा देय कर (उपकर वेगळा). केवळ दुकानाच्या 14 लाखांवर तो 90,000 झाला असता. द्राक्षांवर थेट कर नाही, तरी बोजा 60,000 रुपयांनी वाढला!

लहान कुटुंबाला याची धास्ती नको. याच वर्षासाठी एकूण उत्पन्न 12 लाखांपर्यंत असल्यास करात 60,000 रुपयांपर्यंत सूट आहे आणि शेतीचे करमुक्त उत्पन्न त्या 12 लाखांत धरत नाहीत. मात्र सुटीमुळे कर शून्य झाला तरी दुधाचा निव्वळ नफा 6 लाख असणाऱ्याने विवरणपत्र भरावयाचेच असते. त्यात शेतीचे उत्पन्नही दाखवावे लागते. म्हणून दुधाचा हिशेब वेगळ्या वहीत ठेवावा. शेतीसाठी आडत्याची पट्टी, कारखान्याचे बिल, खते-औषधांच्या पावत्या आणि सातबाऱ्यावरील पीकपाहणीची नोंद जपावी. पुरावा नसेल तर खात्यात आलेली रक्कम शेतीची आहे हे पटवून देणे फार जड जाते.

राहिला ठेवीचा प्रश्न. 2025-26 मध्ये बँकेचे वार्षिक व्याज 50,000 रुपयांपेक्षा (ज्येष्ठ नागरिकांना 1 लाखापेक्षा) जास्त झाले की 10 टक्के कर कापला जातो. पॅन दिलेला नसेल तर 20 टक्के. कर लागत नसलेल्यांनी वर्षारंभीच बँकेत घोषणापत्र द्यावे. 1 एप्रिल 2026 पासूनच्या वर्षांसाठी आयकर अधिनियम, 2025 असल्याने त्याचा नमुना बँकेत विचारून घ्यावा. घोषणापत्र राहून गेले व रक्कम कापली गेली, तर ती विवरणपत्र भरूनच परत मागता येते.